दुसरी चूल

आमच्या कुरणवाडीत कुणाच्या घरात काय चाललंय हे विचारावं लागत नाही. चैत्रात भैरवनाथाचा उत्सव आला की देवळात भाकरीच्या दुरड्या जातात, आणि त्या दुरड्या सगळं सांगून टाकतात.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी दुपारी गाव एकत्र जेवतं. आमटी गावाची, भाकरी घरोघरच्या. आमटी देवळामागं मोठ्या कढयांत पुरुष करतात. वर्षभर पाण्याचा तांब्या हातानं न घेणारे लोक त्या दिवशी मसाला किती भाजायचा यावरून एकमेकांची अक्कल काढतात, आणि आम्ही बायका लांब बसून मजा बघतो. भाकरी मात्र चुलीमागं एक दुरडी भरून द्यायची. आता गावात चुली राहिल्यात कुठं, सगळीकडं गॅस आला, पण म्हणायचं चूलच. चार भाऊ एकत्र जेवत असले तर दुरडी एक. वेगळे निघाले की दुरड्या चार. वाटणीची नोंद तलाठ्याकडं व्हायच्या आधी भैरवनाथाकडं होते, असं आमच्याकडं म्हणतात ते उगाच नाही.

दुरडी आली की तिची हाक होते. माईकवरून घराचं नाव पुकारतात, कितवी चूल ते सांगतात, आणि मग भाकरी खाली अंथरलेल्या स्वच्छ धोतरावर ओततात. ढिगात पडली की भाकर कुणाची राहत नाही. हाक मात्र राहते. देवापुढं एकदा बोललेली चूल मागं घेता येत नाही, दरवर्षी ती बोलावीच लागते. उत्सव कमिटीचे नानासाहेब आहेत, त्यांच्या दोन सुना एकदा मिक्सरच्या भांड्यावरून भांडल्या आणि रागारागात दोन दुरड्या घेऊन देवळात गेल्या. संध्याकाळपर्यंत गोडी झाली. आजही दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करतात, पण चैत्र आला की मुकाट्यानं दोन दुरड्या भरतात.

ही हाक देतात माझे सासरे, अर्जुनराव. मामंजी चाकणच्या मार्केटात कांद्याचे लिलाव पुकारायचे. सगळी हयात कांद्याच्या ढिगावर उभं राहून ओरडण्यात गेली, त्यामुळं माईक त्यांना नुसता शोभेला लागतो. मार्केट सुटलं तरी सवय सुटलेली नाही. घरात ताटात शेवटची भाकर उरली की ती हातात धरून म्हणणार, "एकवार, दोनवार," आणि कुणी हात पुढं केला नाही की "तीनवार" म्हणून स्वतःच्या ताटात टाकणार. तीनवार म्हटलं की व्यवहार पक्का, मग त्यावर बोलायचं नाही.

मामंजींना अभिमान एकाच गोष्टीचा. गावातली घरं एकेक करून फुटली. शेतांवर कंपन्या उभ्या राहिल्या, बांधच उरले नाहीत, तेव्हा बांधावरून भांडणारी माणसं घरात भांडायला लागली. आमची दुरडी मात्र एकच राहिली. आमच्या घराची हाक देताना मामंजींचा आवाज शेवटच्या शब्दावर जरा रेंगाळायचा. "अर्जुनराव कोंडाजी, चूल एऽऽक," असं म्हणून ते नानासाहेबांकडं बघायचे. नानासाहेब आमटीच्या कढईकडं बघायचे.

आता खरं काय ते मी सांगते, कारण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. माझे दीर दिग्विजय लग्न झाल्यापासून पिंपळे गुरवला फ्लॅटमध्ये राहतात. माझी जाऊ रश्मी सोलापूरची, नोकरी करून घर सांभाळते, तिच्या गॅसवर तीच शिजवते आणि तेच दोघं जेवतात. याला साऱ्या जगात वेगळी चूल म्हणतात. पण मामंजींच्या हिशेबात दिग्विजय कामासाठी "तिकडं मुक्कामी" होते. रश्मी तिकडं जे रांधत होती ते जणू प्रवासातला डबा. गणराज, म्हणजे माझा नवरा, यावर कधी बोलला नाही. मीही नाही. घर एकत्र ठेवणारी मोठी सून म्हणून गावात माझं नाव निघायचं, ते ऐकायला मला आवडत होतं. फुकटचं असलं तरी नाव ते नाव.

तर ही गेल्या वर्षीची गोष्ट.

आमच्या घरामागं भाड्याच्या खोल्या आहेत. कंपनीत कामाला येणारी पोरं तिथं राहतात. कडेच्या खोलीत परभणीकडची सोजराबाई आणि तिचा मुलगा राहत होते. मुलगा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कंत्राटावर. रात्रपाळी असली की दिवसभर झोपायचा, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून ही बाई खोलीबाहेर. बाहेर म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर. मला कामात कुणी बघत बसलेलं खपत नाही. त्यात ती नुसती बघायची नाही, माझी बाजरीची भाकर बघून हळहळायची. पातळ का न्हाई थापत माय, म्हणायची. मी एकदा फटकन सांगितलं की आमच्याकडं अशीच असते. तर म्हणाली, असू द्या, असू द्या, जसं काही मी लंगडं लेकरू दाखवलं होतं.

गावजेवणाच्या सकाळी मी भाकरी बडवत होते आणि बाई पायरीवर हजर. एवढ्या भाकरी कुणाला म्हणून तिनं विचारलं. मी पीठ मळता मळता सांगितलं की आज गावजेवण, प्रत्येक चुलीची एक दुरडी जाते, कुणाची चुकत नाही. ती म्हणजे गावकऱ्यांची, हे सांगायचं राहिलं. ते सांगावं लागतं हेच मला कधी सुचलं नव्हतं. बाई तशीच उठून गेली. आज लवकर सुटका झाली म्हणून मला बरं वाटलं.

देवळात हाका सुरू झाल्या. आमची दुरडी पहिल्या काहींतच होती. मामंजींनी नेहमीसारखं "एऽऽक" लांबवलं, नानासाहेबांनी नेहमीसारखं कढईकडं बघितलं. मी बायकांत जाऊन बसले. दिग्विजय भाऊजींचा फोन आला होता की ते दोघं चाकणच्या चौकात ट्रकांमध्ये अडकलेत. तो चौक म्हणजे तसाच, तिथं अडकायला सणवार लागत नाही.

सगळ्या हाका संपत आल्या आणि नानासाहेब हातात एक दुरडी घेऊन मामंजींजवळ आले. दुरड्या दारात ते घेतात आणि कुठल्या घरची ते विचारून पुढं आणतात. चेहरा गंभीर ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण मिशा ऐकत नव्हत्या. ते मामंजींच्या कानाशी काही बोलले. मामंजी म्हणाले, आमची झाली की. नानासाहेब म्हणाले, आणि हे आता माईकमधून सगळ्या गावानं ऐकलं, "झाली ती पहिली. ही दुसरी. तुमच्याच घरची म्हणून आली हाय."

मामंजींनी दुरडीवरचं फडकं बाजूला केलं. आत ज्वारीच्या भाकरी होत्या. पांढऱ्याशुभ्र, पातळ, परातीएवढ्या. आमच्या गावात या जेवणाला बाजरीशिवाय भाकर येत नाही. आणि आमच्या घरात असली ज्वारीची भाकर करणारी एकच, सोलापूरची रश्मी. हे मला समजलं, मामंजींना समजलं, आणि आजूबाजूच्या बायकांच्या माना ज्या वेगानं माझ्याकडं वळल्या त्यावरून त्यांनाही समजलं.

मामंजींनी दुरडी बाजूला सारली असती तर कुणी हटकलं नसतं. पण पुढं आलेला माल न पुकारता लपवणारा माणूस तो नव्हे. त्यांनी माईक धरला. "अर्जुनराव कोंडाजी," म्हणाले, आणि थांबले. मी त्यांना लिलावात, लग्नात, मयतीत बोलताना ऐकलंय, त्यांचा आवाज कधी फाटला नव्हता. त्या दिवशी फाटला.

"चूल दुसरी."

ज्वारीच्या भाकरी बाजरीच्या ढिगावर पडल्या, काळ्या रानात बगळे उतरावेत तशा. मामंजींनी माईक नानासाहेबांच्या हातात दिला आणि देवळाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून.

मला इतका संताप आला की डोळ्यांपुढं नीट दिसेना. सासूबाई गेल्यापासून हे घर मी ओढलं, आणि वेगळं व्हायचंच होतं तर तोंडानं सांगायचं, असं चारचौघांत म्हाताऱ्याचं नाक कापायचं काय कारण? तेवढ्यात भाऊजी आणि रश्मी आले. हातात पेढ्यांचा पुडा, तोंडावर हसू, उशीर झाला, उशीर झाला करत. सगळं गाव त्यांच्याकडं टक लावून बघत होतं. रश्मीला वाटलं साडीला काही लागलंय. ती बिचारी पदर उलटसुलट करून बघायला लागली.

मी तिला हाताला धरून कढयांपाशी नेलं आणि नको नको ते बोलले. भाऊजी मध्ये पडले. त्यांना काय झालं ते कळल्यावर ते उलट गणराजवर चढले, की तूच पाठवलीस ती दुरडी, म्हणजे आम्हाला बाहेर काढल्याचं पाप आमच्याच माथी. गणराज आमटी ढवळत होता. त्यानं हातातला डाव खाली ठेवला नाही, त्यामुळं तो रागानं जसजसा हात हलवी तसतशी सगळ्यांच्या कपड्यांवर आमटी उडत होती. तोही बोलायला कमी पडला नाही. इतक्या वर्षांत दोघा भावांत जे तुंबलं होतं ते सगळं कढईच्या काठावर बाहेर आलं.

रश्मी मात्र रडली नाही, ओरडलीही नाही. "ताई, मला वेगळी दुरडी द्यायची असती तर मी ती स्वतःच्या डोक्यावरून आणली असती. दुसऱ्याच्या हातून चोरून कशाला पाठवीन?" म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. रागावलेल्या माणसाला समोरच्याचं खरं निघालं की आणखी राग येतो, तसा मला आला.

अशा वेळी पलीकडून सोजराबाई आली. नवं लुगडं नेसलेली, डोक्यावरून पदर. आम्ही सगळे गप्प झालो, परक्या माणसासमोर कशाला शोभा. तिला त्याचं काही नव्हतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "माय, माझी दुरडी कुटं ठिवली बगा की. बारकी हाय, काठाला तांबडा दोरा गुंडाळलेला."

"तुमची कसली दुरडी?" मी विचारलं.

"भाकरीची. तुमीच म्हन्लाव न्हवं का सकाळी, कुन्याच चुलीची चुकत न्हाई म्हनून. मंग माझी कशी चुकवू?"

सगळ्यात आधी रश्मी हसली. मग गणराज. भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. मला हसूही येत होतं आणि रश्मीच्या तोंडाकडं बघायची लाजही वाटत होती, तेव्हा मी तिच्या साडीवरची आमटी पुसायला घेतली. ती म्हणाली, राहू द्या ताई, पसरेल.

आम्ही सोजराबाईला घेऊन मामंजींकडं गेलो. काहीतरी घडतंय असं दिसल्यावर नानासाहेबही मागोमाग आलेच. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग बाईला विचारलं, भाकरी तुमी केल्या का. व्हय दादा, म्हणाली. मग आमच्या घरच्या म्हणून का सांगितलं?

"मंग काय सांगू दादा? ऱ्हाते तर तुमच्याच घरात. माझं नाव सांगितलं असतं तर हितं मला कोन वळखतंय?"

मामंजी तिच्याकडं बघत राहिले. नानासाहेबांनी लगेच तोडगा काढला. भाडेकरूची चूल ही गावाची चूल नव्हे, ती कधी बोलली गेलेली नाही, तेव्हा ही हाक चुकून झाली असं जाहीर करू आणि रद्द करू, म्हणाले. नाहीतर उद्या सगळ्या खोल्यांतले लोक दुरड्या घेऊन उभे राहतील. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि मामंजींच्या फायद्याचं होतं. आमचं घर पुन्हा एका चुलीचं झालं असतं. मला वाटलं, मामंजी उठून नानासाहेबांना मिठी मारतील.

मामंजी उठले, पण माईककडं गेले. आवाज परत जाग्यावर आला होता. "मघाशी बोललेली दुसरी चूल सोजराबाईची. घर अर्जुनराव कोंडाजीचं. बोललो ते बोललो," म्हणाले. मग माईक खाली करून नानासाहेबांना एवढंच म्हणाले की खोल्यांतले लोक दुरड्या घेऊन येत असतील तर येऊ द्या, दर साली निम्म्या भाकरी आपण खानावळीतून आणतो, ते तरी वाचेल. हे खरं होतं. गावातल्या बऱ्याच सुनांना भाकर येत नाही आणि विकतच्या भाकरी दुरडीत खालच्या थराला घालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

मग मामंजी पंगतीत बसले. मुद्दाम ज्वारीची भाकर मागून घेतली, आमटीत कुस्करली, आणि खाऊन झाल्यावर म्हणाले की बरी हाय, पण बाजरीची सर न्हाई. सोजराबाई बायकांच्या पंगतीत माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या.

संध्याकाळी आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. दिवसभराचं हसून झालं होतं, चहा झाला होता. रश्मी एकदम म्हणाली की मामा, मला एक बोलायचंय. भाऊजींनी तिच्याकडं बघितलं, नको असं डोळ्यांनी सांगितलं, पण ती थांबली नाही. तिला वाटणी नको होती, काही नको होतं. "मी तिकडं रोज रांधते. तुमचा मुलगा माझ्या हातचं खातो. पण माझी चूल देवाला ठाऊकच नाही. आज त्या बाईंची हाक झाली, माझी कधी झाली नाही," म्हणाली, आणि दिवसभर न रडलेली ती आता रडली.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. एवढी वर्षं ती उत्सवाला यायची, पेढे आणायची, माझ्या दुरडीमागं उभी राहायची, आणि मला वाटायचं तिला या गोष्टींचं काही पडलेलं नाही.

मामंजींनी रिकामा कप बाजूला सारला. नंतर म्हणाले, "दुसरी चूल बोलताना मला वाटलं, संपलं आता. घर गेलं. आन मग जेवाय बसलो. चांगलं पोटभर जेवलो गं." जरा थांबून म्हणाले, "पुढच्या साली आण तुझी दुरडी. पण नंबर तिसरा. दुसरा गेला."

त्यानंतरचं वर्ष बरं गेलं. रश्मी फोनवर आता मला आमटीचा मसाला विचारते आणि मी तिला ज्वारीचं पीठ किती गरम पाण्यात मळायचं ते विचारते. सोजराबाई पायरीवर बसायची ती आत ओट्यापाशी यायला लागली. माझी भाकर थोडी पातळ झाली, पण हे मी तिला कबूल केलं नाही. मामंजी येता-जाता तिला "दोन नंबर" म्हणायचे. काय दोन नंबर, आज काय केलं? ती म्हणायची, पिठलं केलंय, पाठवू का.

दिवाळीनंतर तिच्या मुलाचं कंत्राट संपलं. रांजणगावच्या बाजूला दुसरीकडं काम लागलं आणि चार भांडी, एक पलंग टेम्पोत घालून ते दोघं गेले. जाताना बाई माझ्या गळ्यात पडली. मी तिला लाल दोऱ्याची दुरडी आठवणीनं दिली. खोलीत लगेच दुसरी पोरं आली. पुढं मी एक-दोनदा फोन लावून बघितला, तर नंबर बंद. कंपनी बदलली की ही पोरं सिमकार्डही बदलतात.

चैत्र जवळ आला तशी मला काळजी लागली. बोललेली चूल बोलावीच लागते, आणि बोलायची तर दुरडी हवी. मी मामंजींना म्हटलं की ती नाही आली तर मीच तिच्या नावानं एक दुरडी भरते, ज्वारीच्या करते हवं तर. मामंजी म्हणाले, तिच्या चुलीची हाक, भाकर तिच्या हातची पाहिजे. पण गावजेवणाच्या आदल्या दिवशी ते दोनदा एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन आले. पाय मोकळे करायला गेलो होतो म्हणाले. पायांचं आणि त्यांचं गेली कित्येक वर्षं वाकडं आहे.

या वर्षी रश्मी पहाटेच उठून भाकरी करून निघाली होती, चाकणचा चौक भरायच्या आत. दुरडी खरंच डोक्यावर घेऊन देवळात आली. गावातल्या बायकांनी तिला पुढं जागा करून दिली. दारात खोल्यांत राहणाऱ्या दोन-तीन बायकाही दुरड्या घेऊन उभ्या होत्या, कुणी बीडची, कुणी चिपळूणकडची, आणि नानासाहेब कुरकुरत प्रत्येकीचं नाव दोनदा विचारून घेत होते.

हाका सुरू झाल्या. "अर्जुनराव कोंडाजी, चूल एक." या वेळी शब्द लांबवला नाही. आणि आमच्या दुसऱ्या चुलीवर गेलेच नाहीत, पुढच्या घराची हाक दिली. रश्मी दुरडी घेऊन उभी होती. दुसरी झाल्याशिवाय तिसरी बोलता येत नाही, एवढं तिलाही कळत होतं. बाकीची घरं संपली. नव्या भाडेकरणींच्या हाका झाल्या. आमटी तयार झाली, पंगती बसल्या, माणसं ताटाकडं बघायला लागली. ढिगावर ओतायची फक्त रश्मीची दुरडी राहिली होती.

नानासाहेबांनी घड्याळ दाखवलं. मामंजींनी माईक तोंडाशी धरला.

"अर्जुनराव कोंडाजी, चूल दुसरी. सोजराबाई." कुणी आलं नाही. मामंजी म्हणाले, "एकवार."

पंगतीत हसू पिकलं. लोकांना वाटलं म्हातारा मजा करतोय. मी त्यांच्या जवळ होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि ती मजा नव्हती. गेल्या वर्षी याच जागेवर ते दुसऱ्या चुलीच्या भीतीनं अर्धे झाले होते. या वर्षी तीच दुसरी चूल येत नाही म्हणून ते माईक सोडायला तयार नव्हते.

"दोनवार," ते म्हणाले, आणि थांबले. हसणारे हळूहळू गप्प झाले. मार्केटातली माणसं पंगतीत होती, त्यांना ठाऊक होतं की आता तिसरं म्हटलं की संपलं. मामंजी तिसरं म्हणेनात. गणराज डाव घेऊन कढईपाशी उभा होता. भाऊजी रश्मीच्या हातातली दुरडी धरायला गेले, तिनं दिली नाही. मामंजी वेशीकडं बघत नुसते उभे होते आणि सगळं गाव उपाशी बसून होतं, पण वाढा म्हणून कुणी ओरडलं नाही. ते मला फार बरं वाटलं.

वेशीतून एक रिक्षा आली. तिच्यातून आधी दुरडी बाहेर आली, काठाला तांबडा दोरा, आणि मागून सोजराबाई. गर्दी बघून ती घाबरली. तिथूनच सांगायला लागली की यष्टी चाकणात दीड तास उभी होती, लेकाला सुट्टी न्हाई, एकटीच आले. मग जवळ येऊन, धापा टाकत, मामंजींना म्हणाली, "जेवलाव का काय समदे? माझ्या चुलीची हाक व्हती न्हवं, दादा. चुकवून कसं चालंल?"

मामंजींनी तिच्या हातातून दुरडी घेतली. फडकं काढून ज्वारीच्या भाकरींकडं बघितलं, आणि माईक नसता तरी चाकणपर्यंत ऐकू गेलं असतं असं ओरडले.

"तीनवार!"

पंगतीतून टाळ्या पडल्या, नानासाहेबांनीसुद्धा वाजवल्या. मी सोजराबाईला पाणी दिलं, ती माझ्याच पदरानं तोंड पुसत होती आणि मी तिला करू देत होते. मामंजी खुशीत होते, लोक भुकेले होते, वाढपी बादल्या घेऊन धावत सुटले. त्या गडबडीत अर्जुनराव कोंडाजींच्या घराची तिसरी चूल बोलून झाली, रश्मीच्या भाकरी ढिगात पडल्या, आणि ती हाक रश्मीशिवाय कुणी नीट ऐकलीसुद्धा नाही.